घाईची चकाकी

आमची गाडी अठरा वर्षांची. दिवाळीआधी धुवायला दिली, तर तिथल्या पोराने अलॉय व्हील्स ॲसिडने घासली. लखलखली हो! पण महिनाभरात पांढरट डाग. ॲल्युमिनियमवरचा पारदर्शक लॅकरचा थरच ॲसिडने खाल्ला होता.

ब्रेकची काळी भुकटी चाकांवर घट्ट बसते, हे खरे. पण चाक थंड होऊ द्यावे; मग साबणाचे पाणी, मऊ ब्रश, कोरडे फडके. दर आठवड्याला एवढे पुरे. मेटल पॉलिश लॅकर नसलेल्या चाकालाच लावावे.

त्या पोरावर रागावणार होतो, पण गप्प बसलो. शाळेत दहावीच्या निकालासाठी मीही काही मुले अशीच घासली. निकाल झळकला. डाग कुणाला पडले, ते मी कधी विचारलेच नाही.