पैसा खात्यात आला, हातात कधी येणार?

४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक वटवण्याची पद्धत बदलली. आधी चेक ठरावीक वेळी एकगठ्ठा पाठवले जात आणि पैसे जमा व्हायला एक-दोन दिवस लागत. आता दिवसा ठरलेल्या वेळेत आलेल्या चेकवर संबंधित बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत उत्तर द्यायचे आहे. उत्तर आले नाही तर चेक मंजूर धरला जातो. मोबाईलवरून पाठवलेला पैसा तर काही सेकंदांत पोहोचतो. देशाचा पैसा असा वेगाने धावू लागला आहे.

आता महाड तालुक्यातल्या शिवथरला या. शिवथरघळीमुळे हे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण इथल्या वाड्यांवरच्या माणसाला बँकेचे काम म्हटले की बिरवाडी किंवा महाड गाठावे लागते. एसटी चुकली की दिवस गेला आणि दिवस गेला की मजुरी गेली. माझ्या कामात भेटलेल्या एका मावशींचे उदाहरण सांगते. 'लाडकी बहीण'चे दीड हजार शेजारणीला आले, यांना आले नाहीत. मावशींनी बँकेत दोन खेपा घातल्या. दोन्ही वेळा पासबुक भरून मिळाले, उत्तर मिळाले नाही. शेवटी शोध लागला तो असा : मुंबईला मुलीकडे राहायला गेल्या असताना त्यांनी तिथे एक खाते उघडले होते आणि आधार त्या खात्याला जोडले गेले होते. सरकारने पैसे वेळेवर पाठवले होते, पण ते ज्या खात्यात पडले त्याचा मावशींना विसर पडला होता.

यात मावशींची चूक नाही. सरकारी योजनेचा पैसा आधार क्रमांकावरून पाठवला जातो, तेव्हा तो सगळ्यात शेवटी ज्या बँकेशी आधार जोडले असेल तिथे जातो. फॉर्मवर तुम्ही कोणते पासबुक लावले याला तिथे अर्थ नसतो. नवे खाते उघडताना एका कागदावर सही झाली की पैशाचा रस्ता बदलतो, आणि हे समजावून सांगायला काउंटरवर कोणाला वेळ नसतो. आपल्या मुलामुलींच्या शिष्यवृत्तीचेही असेच होते. महाडीबीटीवर अर्ज मंजूर दिसतो, पैसे मात्र भलत्याच खात्यात पडलेले असतात आणि इकडे कॉलेज फीसाठी तगादा लावते. 'माय आधार'च्या संकेतस्थळावर आपले आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे ते पाच मिनिटांत कळते. हे काम गावातल्या दहावी-बारावीच्या मुलांनाही जमेल.

दुसरी अडचण अंगठ्याची. गावात मशीन घेऊन येणाऱ्या बँक मित्राकडे किंवा पोस्टमनकडे आधार आणि अंगठा देऊन पैसे काढता येतात. सोय चांगली आहे. पण भातलावणीत आणि दगडमातीच्या कामात झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन ओळखत नाही. कधी रेंज जाते. कधी खात्यातून रक्कम वजा होते आणि हातात काही पडत नाही. अशा वेळी बहुतेक बाया 'नशीब' म्हणून घरी येतात. पण नियम नशिबाचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या आदेशानुसार एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते परत जमा झाले पाहिजेत. आधार-अंगठ्याच्या फसलेल्या व्यवहारालाही हीच ५ दिवसांची मुदत आहे. एकाने दुसऱ्याला यूपीआयने पाठवलेले पैसे अडकले तर मुदत एकाच दिवसाची. त्यानंतर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची आहे. म्हणून पावती मागा. व्यवहार फसला तरी मागा. बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी फोन १४४४८.

ही झाली दिवसांची उशीर. रायगडकरांनी वर्षांची उशीरही पाहिली आहे. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेचे दार बंद झाले. बनावट कर्जखात्यांतून शेकडो कोटी गेले आणि ठेवीदार वर्षानुवर्षे मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या करत राहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये पनवेलच्या कर्नाळा बँकेचा परवाना रद्द झाला. मुंबईत सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १००० रुपये काढण्याची मुभा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेच्या ठेवीदारांना तर पहिले काही दिवस एक रुपयाही काढता येत नव्हता. पुढे २५ हजारांची सवलत मिळाली आणि ऑगस्टमध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली.

या धक्क्यांतून दोन बदल झाले. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवींचे विमासंरक्षण १ लाखावरून ५ लाख झाले. सप्टेंबर २०२१ पासून बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. कर्नाळाच्या वेळी ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल असे रिझर्व्ह बँकेने सांगितले, ते या ५ लाखांच्या मर्यादेमुळेच.

पण इथे आपल्या समाजाने नीट लक्ष द्यावे असे दोन मुद्दे आहेत. पहिला : हा विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. ओळखीचा माणूस संचालक आहे, व्याज दीड-दोन टक्के जास्त आहे, दारात येऊन रोजची वर्गणी नेतात, म्हणून आपण पतसंस्थेत पैसे ठेवतो. अनेक पतसंस्था चांगल्या चालतात. पण बुडाली तर ५ लाखांची हमी मागे नाही, एवढे माहीत असूनच पैसे ठेवावेत. पोस्टाच्या बचत खात्याला केंद्र सरकारची हमी आहे. व्याज ४ टक्के, खाते ५०० रुपयांत उघडते. गावच्या शाखा डाकघरात रोकड मर्यादित असते, म्हणून मोठी रक्कम हवी असेल तर आधी सांगून ठेवावे.

दुसरा मुद्दा सामूहिक पैशाचा. महाड-पोलादपूरच्या जवळजवळ प्रत्येक बौद्धवाडीचे एक मुंबई मंडळ आहे. चाकरमान्यांनी गिरणीच्या, महापालिकेच्या पगारातून वर्गणी काढून विहारे बांधली, जयंत्या केल्या, मयताला मदत केली. हा पैसा कुठे आहे? अनेकदा एकाच खात्यात, तीन सह्यांवर. एक सही मुंबईत, एक गावात, आणि एक पदाधिकारी वारलेला. मंडळ म्हणजे एक ठेवीदार. त्यामुळे सभासद कितीही असले तरी एका बँकेत विमा एकूण ५ लाखांचाच. दोन वर्षे ग्राहकाकडून व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय होते. मग विहाराचे पत्रे उडाले की पैसे असूनही हात रिकामे. २२ जुलै २०२१ ला महाड शहर बुडाले आणि त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, तेव्हा वीज, रेंज, रस्ता सगळेच गेले होते. पासबुकातल्या आकड्याने त्या दिवशी कोणाला काय मिळणार होते?

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्ध गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगतात. एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि चौथा संकटकाळासाठी. चौथा भाग बाजूला काढायला आपण शिकलो आहोत. बचत गटातल्या बायांनी तर ते करून दाखवले आहे. पण जो पैसा संकटाच्या दिवशी हाती येत नाही, तो चौथा भाग म्हणून कसा धरायचा?

म्हणून एक साधी सूचना. रविवारी विहारात वंदना झाली की एक तास खात्यांसाठी ठेवा. आधार कुठे जोडले आहे ते तपासा. जुनी खाती सुरू करून घ्या, त्याला शुल्क लागत नाही. वारसाचे नाव लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार जणांपर्यंत नावे लावता येतात. मंडळाच्या सह्या दरवर्षीच्या सभेत तपासा आणि बदल झाला की लगेच बँकेला कळवा. थोडी रोकड घरी ठेवा, विशेषतः पावसाळ्यात. आणि ग्रामसभेत ठराव करून मागा की बँक मित्राने ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी आलेच पाहिजे. अंगठा लागला नाही तर दुसरा मार्ग द्या, हेही त्याच ठरावात घाला.

महाडच्या माणसाला हे नवीन नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. तरीही पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तळ्यापर्यंत चालत जावे लागले. कागदावर हक्क मिळणे आणि तो हातात येणे यांत अंतर असते, हे आपल्याला त्या दिवशी कळले. खात्यात आलेला पैसा आणि शिवथरच्या मावशींच्या हातातला पैसा यांतले अंतरही तसेच आहे. तेही चालूनच कापावे लागेल, पण सगळ्यांनी मिळून.

जयभीम.