‘थरार’ या शब्दाविरुद्ध

आषाढ लागला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांत एक शब्द न चुकता उगवतो: ‘थरार’. चिखल नांगरणी स्पर्धेचा थरार. आणि त्याच सुमारास परदेशच्या पानावर स्पेनमधील पाम्प्लोना शहरातल्या ‘बैलांच्या धावे’चा थरार. लोकसाहित्याच्या प्रकल्पवह्यांतही तोच शब्द येतो, आणि त्याच्या मागोमाग ‘परंपरा’ येते. हे दोन शब्द आले की विद्यार्थ्याला वाटते वर्णन झाले, आणि शिक्षकाला वाटते विवेचन झाले. आमचे म्हणणे असे की, हे शब्द जोडीने एक साधा प्रश्न झाकून टाकतात: धावायचे कोणी ठरवले?

आधी पाम्प्लोनाकडे पाहू, कारण अलीकडे आपल्याकडच्या कोणत्याही शर्यतीला ‘आपले पाम्प्लोना’ म्हणण्याची हौस वाढली आहे. सान फेर्मिनचा उत्सव ६ ते १४ जुलै या काळात होतो. ७ तारखेपासून रोज सकाळी आठ वाजता सहा झुंजार वळू सुमारे ८७५ मीटरच्या अरुंद गल्ल्यांतून सोडले जातात. पांढऱ्या कपड्यांतली, गळ्यात लाल रुमाल बांधलेली माणसे त्यांच्या पुढे धावतात. सारा खेळ दोन-तीन मिनिटांत आटोपतो. १९१० पासूनच्या नोंदींत १६ धावणारे मृत्युमुखी पडले आहेत; त्यांतील शेवटचा मृत्यू २००९ मधला. हेमिंग्वेच्या ‘द सन ऑल्सो रायझेस’ या १९२६ च्या कादंबरीने हे शहर जगाच्या नकाशावर आणले आणि तेव्हापासून प्रवासी तेथे ‘काय अनुभवाल’ याच्या याद्या घेऊन जातात. त्या याद्यांत माणसाने कोठे उभे राहावे, काय घालावे, पडल्यास काय करावे हे सारे असते. सकाळी धावलेले सहाही वळू त्याच संध्याकाळी आखाड्यात मारले जातात, ही गोष्ट मात्र बहुधा तळटिपेत जाते.

मराठी बातमीदार या प्राण्यांना सरसकट ‘बैल’ म्हणतो. ज्या भाषेत गोऱ्हा, खोंड, वळू, पोळ आणि बैल असे भेद शेतकऱ्याच्या जिभेवर आहेत, त्या भाषेत ही ढिलाई क्षम्य नाही. पाम्प्लोनात धावतो तो वळू. झुंजीसाठीच वाढवलेला, नांगर कधी न पाहिलेला. खरे बैल त्या गल्ल्यांत असतात, पण ते वेगळे: गळ्यात घंटा बांधलेले, खच्ची केलेले, वळूंना वाट दाखवण्यासाठी सोडलेले. आपल्या जोतातल्या बैलाचे भाऊबंद शोधायचे तर ते हे.

आता आपल्याकडे वळू. राजापूर तालुक्यात खाडीच्या मुखावर यशवंतगड आणि त्याच्या आसऱ्याने वसलेले नाटे. एक पाय होडीत आणि एक पाय भातशेतीत, असे हे गाव. येथून लांजा-संगमेश्वराकडे पावसाळ्यातली नांगरणी स्पर्धा पाहायला जाणाऱ्या विद्यार्थ्याने काय अपेक्षा ठेवावी? चिखलाने भरलेला मळा, बांधावर छत्र्यांची गर्दी, ध्वनिक्षेपकावरून चाललेले निवेदन, पुढाऱ्यांचे फलक. जोड्यांचे दोन गट: ‘गावठी’, म्हणजे कोकणातली ठेंगणी, काटक जनावरे, आणि ‘घाटी’, म्हणजे घाटमाथ्यापलीकडची उंचीपुरी. जू मानेवर चढते, नांगर चिखलात टेकतो, आणि नांगऱ्याला मागे फरफटवत जोडी सुटते. निकाल सेकंदांत लागतो. जमीन किती खोल नांगरली, सरी सरळ पडली की वाकडी, हे कोणी पाहत नाही. नांगरणीच्या स्पर्धेत नांगरणीलाच गुण नसतात, याची नोंद आजवर आमच्यापुढे आलेल्या एकाही प्रकल्पवहीत आम्हांला आढळली नाही.

दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. तेथे माणूस पुढे आणि जनावर मागे. येथे जनावर पुढे आणि माणूस मागे. तेथे धावणारा माणूस निदान स्वतःचा जीव पणाला लावतो. आपल्याकडे भीती जवळजवळ सगळी बैलाच्या वाट्याला येते: मागून येणाऱ्या काठीची, पराणीची, पिरगळल्या जाणाऱ्या शेपटीची. संध्याकाळी आपला बैल जिवंत घरी जातो, ही आपली बाजू उजवी, हे मान्य. परंतु दोन्हीकडे धावण्याचे ठरवतो तो माणूसच. मग ‘थरार’ कोणाचा, हे न सांगता तो शब्द वापरणे म्हणजे कर्त्यावाचून वाक्य लिहिणे होय.

परंपरेचे काय? सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जलिकट्टूसह महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. ‘शर्यतीला न्यायालयाने परंपरा म्हणून मान्यता दिली’ असे आता व्यासपीठांवरून सांगितले जाते. वस्तुस्थिती अधिक सूक्ष्म आहे. जलिकट्टू हा सांस्कृतिक वारसा आहे की नाही, याचा निवाडा न्यायालयाने स्वतः केला नाही. विधिमंडळाने तसे मानले आहे आणि त्यात आम्ही ढवळाढवळ करणार नाही, एवढीच त्याची भूमिका होती. म्हणजे प्रश्न खुला राहिला. तो तपासणे हे ज्यांचे काम, ते आपण साहित्याचे लोक, शब्द उचलून मोकळे झालो. केवळ जुनेपण पुरेसे असेल तर गोव्यातील धिरयोही जुन्याच होत्या. १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बंद केल्या.

बंदीवाल्यांचीही आम्ही तळी उचलत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील गोवंशातल्या नरांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटली. टिलरने बैलाचे काम हिरावले. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली. काम नाही आणि विक्रीही अवघड, अशा जनावराला वर्षभर वैरण कोणी घालायची? शर्यतीमुळे गोठ्यात बैल टिकतो, हा शर्यतवाल्यांचा युक्तिवाद म्हणूनच हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण तो टिकतो कोण? वेगवान तेवढाच. हरलेल्या जोडीचे पुढे काय होते, हे विचारल्याखेरीज तो युक्तिवाद पुरा होत नाही.

आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीत ट्रॅक्टर येतो आणि नारबाची जनावरे एकेक करून जातात. वर्गात आपण ती ‘ग्रामीण जीवनातील स्थित्यंतर’ म्हणून शिकवतो, बोलीची वैशिष्ट्ये सांगतो, आणि पाच गुणांची टीप लिहून घेतो. त्याच वर्गातला विद्यार्थी बांधावर उभा राहतो तेव्हा नारबाची नजर त्याच्याजवळ नसते. असते ती निवेदकाची. हे अपयश विद्यार्थ्याचे नव्हे, आपल्या अध्यापनाचे आहे.

म्हणून आमचा आग्रह एवढाच: विद्यार्थ्यांना स्पर्धेला अवश्य पाठवा, पण वहीत काय यावे ते आधी ठरवा. बैलगाडा शर्यतींसाठी राज्याने नियम केले आहेत: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, एक हजार मीटरांची मर्यादा, काठी-चाबूक आणि विजेचा धक्का यांना मनाई. नांगराच्या स्पर्धेलाही हीच कसोटी लावावी. जोडी कोणाची, ती जोताला जाते की केवळ स्पर्धेसाठी पोसली आहे, नांगऱ्याच्या हातात काय होते, धाव संपल्यावर बैलांची धाप किती वेळाने बसली, आणि गेल्या वर्षीची हरलेली जोडी आज कोठे आहे, हे लिहून आणायला सांगा. उत्तरे समाधानकारक निघाली तर स्पर्धेचे समर्थन आम्हीही करू, आणि ते अधिक भक्कम असेल. तोवर ‘थरार’ हा शब्द ज्या वहीत दिसेल, ती वही तपासणाऱ्याने परत करावी. बैल बोलत नाही. त्याच्या वतीने निदान अचूक लिहावे, एवढे तर मराठीच्या प्राध्यापकाला जमायला हवे.