बरगड्या बोलतात, बातम्या गप्प राहतात

आपल्या देशात श्वसन हा विज्ञानवार्तेचा विषय होतो, तो एखादे यंत्र अवतरल्यावर. खोकल्याचा आवाज ऐकून निदान करणारे ॲप आले, क्ष-किरण चित्र वाचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली, की मथळे सजतात. २०२० साली तर व्हेंटिलेटरांची मोजदाद रोज चालू होती. पण व्हेंटिलेटर ज्या स्नायूंचे काम हाती घेतो, ते स्नायू कोणते आणि ते थकतात म्हणजे नेमके काय होते, हे किती वाचकांना कुणी सांगितले? त्याच काळात ‘दहा सेकंद श्वास रोखता आला म्हणजे कोरोना नाही’ ही भाकडकथा सुशिक्षितांच्या मोबाइलवरून बिनदिक्कत फिरत होती. या दोन गोष्टींचा संबंध आहे, असे माझे ठाम मत आहे.

दोष एकट्या पत्रकारांचा नाही. एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्रात श्वासपटल आणि बाह्य आंतरपर्शुक स्नायू आकुंचन पावल्याने छातीची पोकळी वाढते व हवा आत येते, हे नीट सांगितले आहे. जादा जोर लागला तर काय, याचे उत्तर मात्र पोटाच्या स्नायूंच्या एका वाक्यातील उल्लेखावर भागवले आहे. पोटाचे स्नायू प्रामुख्याने उच्छ्वासाला बळ देतात. धाप लागलेल्या माणसाच्या पहिल्या दोन बरगड्या आणि उरोस्थी वर उचलतात ते मानेचे स्नायू. रोग्याच्या गळ्याशी ते ताठ उभे राहिलेले दिसतात, पण विद्यार्थ्याला त्यांची ओळखच नसते. निरोगी श्वास पाठ करून घेतलेली पिढी संकटातला श्वास ओळखणार कशी?

याची सर्वांत मोठी किंमत मोजतात ती तान्ही मुले. प्रौढाच्या बरगड्या मागून पुढे उतरत येतात. त्या उचलल्या की बादलीची कडी वर घ्यावी तशी छाती रुंदावते. बाळाच्या बरगड्या जवळजवळ आडव्या असतात, त्यांत कूर्चा अधिक असते आणि छातीची भिंत मऊ असते. त्यामुळे श्वासाचा बहुतेक भार एकट्या श्वासपटलावर पडतो. न्यूमोनियाने फुप्फुस ताठर झाले की ते फुगवण्यासाठी श्वासपटल जिवाच्या आकांताने आकुंचन पावते, छातीतील दाब फार खाली जातो आणि मऊ भिंत बाहेर येण्याऐवजी आत ओढली जाते. शांत असलेल्या बाळाच्या छातीचा खालचा भाग श्वास घेताना आत जात असेल, तर शरीररचनाच धोक्याची घंटा वाजवत असते. उत्तर भारतातील आया याला ‘पसली चलना’ म्हणतात. निरीक्षण त्यांच्या भाषेत कधीचेच आहे. त्याचा अर्थ पोचवण्याचे काम आपले होते.

हे ज्ञान जीव वाचवते, याचा पुरावा याच देशात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील आरोग्यसेवक व सुईणींना मुलांमधील न्यूमोनिया ओळखायला आणि प्रतिजैविक द्यायला शिकवले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: न्यूमोनियाने होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या निम्म्याच्या आसपास आले होते. ना क्ष-किरण, ना प्रयोगशाळा. केंद्र सरकारने २०१९ साली ‘सांस’ मोहीम सुरू केली, ती याच आजारासाठी. न्यूमोनियाचे बालमृत्यू २०२५ पर्यंत हजार जिवंत जन्मांमागे तीनपेक्षा खाली आणणे, हे तिचे उद्दिष्ट. त्या मुदतीचे काय झाले, हा प्रश्न एखाद्या ॲपच्या उद्घाटनाइतक्या मोठ्या अक्षरांत छापलेला आपण किती वेळा पाहिला?

यावर आक्षेप ठरलेला आहे: डोळ्यांनी केलेले निदान ढोबळ असते. मान्य. छाती दम्यात किंवा श्वासनलिकांच्या सुजेतही आत ओढली जाते, आणि रक्तातील प्राणवायू पल्स ऑक्सिमीटरच सांगू शकतो. पण बाळाला त्या उपकरणापर्यंत न्यायचे की नाही, हा पहिला निर्णय घरात होतो. तो घेणाऱ्याला काहीच दिसत नसेल, तर पुढची सगळी यंत्रे त्या बाळापुरती निरुपयोगी ठरतात.

म्हणून मागणी साधी आहे. अकरावीच्या पाठात श्रमाच्या श्वासाचे स्नायू आणि बाळाची छाती यांना एक पान द्या. श्वसनयंत्राची बातमी देताना श्वसनस्नायूंची एक आकृती छापा. आणि विद्यार्थी मित्रांनो, एवढे आजच लक्षात ठेवा: बाळ शांत असताना अंगावरचे झबले वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक, म्हणजे श्वास जलद. श्वास जलद असो वा छाती आत जात असो, दवाखाना गाठायला उद्याची वाट पाहायची नाही. ज्या देशात ही चार वाक्ये घरोघरी पोचलेली नाहीत, त्याने आपल्या विज्ञानवार्तांच्या झगमगाटावर खूश होऊ नये.