दहा पौंडांचे घर

इंग्रजांचे घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजवाडा, नाहीतर साहेबाचा बंगला येतो. पण तिथला जुना शेतकरीही लाकूड, माती आणि काडाच्याच घरात राहत होता. दक्षिण इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात आल्फ्रिस्टन गावी असे एक घर आजही उभे आहे. ते १४ व्या शतकातले आहे, म्हणजे ६०० वर्षांहून जुने.

घराचा सांगाडा ओक झाडाच्या लाकडाचा. अशा घरांत खाचेत कूस बसवून लाकडाच्याच खुंट्या ठोकीत. खांबांमधल्या गाळ्यांत फोकांचा कूड विणायचा, त्यावर माती, काडाचा भुगा आणि शेण यांचा गिलावा द्यायचा आणि वरून चुना लावायचा. छप्पर काडाने शाकारलेले. दोन्ही टोकांना खाली-वर खोल्या. मधले दालन मात्र थेट आढ्यापर्यंत मोकळे. मूळ घराला धुराडे नव्हते. विस्तव दालनाच्या मधोमध, भुईवरच पेटायचा आणि धूर छपरातून वाट काढायचा.

दालनाची भुई तर ऐकण्यासारखी आहे. जवळच्या डोंगरांत पांढरा, मऊ खडूचा दगड मिळतो. तो कुटून, चोपून भुई केली आणि ती आंबट दुधाने मुरवली. दुधाच्या चिकटपणाने भुकटी धरून राहते. आपण शेणाने सारवतो, तिकडे दुधाने!

हे घर पुढे चर्चकडे आले. १९ व्या शतकाच्या अखेरीस ते इतके मोडकळीला आले की पाडण्याची वेळ आली. गावच्या पाद्रीबाबांनी धावाधाव केली. शेवटी १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १८९६ साली ते अवघ्या १० पौंडांना विकत घेतले. संस्थेने घेतलेली ही पहिली इमारत! डागडुजीला मात्र त्याहून कितीतरी जास्त पैसे लागणार होते. त्यासाठी संस्थापकांपैकी ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी लोकांपुढे पदर पसरला.

मंडळी, मातीचे घर वयाने पडत नाही, पाण्याने पडते. आधी छप्पर गळते, मग लाकूड कुजते, शेवटी भिंत बसते. मातीच्या भिंतीवर सिमेंट थापले तर ओल आतच कोंडते. चुना तिला बाहेर पडू देतो. म्हणून आजोबांचे घर पाडण्याआधी एकदा माळ्यावर चढून आढे आणि वासे पाहा. ते धड असतील, तर घरात अजून जीव आहे.