हेडफोनचं भोक आधी बघा

श्रावण लागला की मला ठरावीक फोन यायला लागतात. "मामा, वीस हजारांच्या आत कुठला डीजे कंट्रोलर घेऊ?" मामा म्हणणारा खरा भाचा एकच, कऱ्हाडचा. बाकीचे त्याचे मित्र, पण त्यांनीही नातं लावून घेतलंय. सोसायटीच्या कार्यक्रमांत आणि घरच्या हळदीत गाणी लावायचा माझा नाद जुना आहे, त्यामुळे इथं सल्ला फुकट मिळतो हे सगळ्यांना ठाऊक. खरं तर मॉडेल पोरांनी आधीच ठरवलेलं असतं, माझी नुसती मान डोलायला हवी असते. आणि ठरवलेलं मॉडेल हमखास तेच, ज्यावर सगळ्यात जास्त दिवे लुकलुकतात.

मी विचारतो, "याला हेडफोनचं भोक कुठंय?" पलीकडून उत्तर येत नाही.

गाणं कंट्रोलरमध्ये नसतंच. ते लॅपटॉपमध्ये असतं, मिसळायचं काम सॉफ्टवेअर करतं, आणि कंट्रोलर म्हणजे त्या सॉफ्टवेअरला हुकूम सोडायचा फळा. पण बऱ्यापैकी कंट्रोलरच्या पोटात साउंडकार्डही असतं आणि ते दोन वेगवेगळे आवाज बाहेर काढतं: एक मांडवातल्या स्पीकरना, दुसरा फक्त आपल्या कानाला. लोक चालू गाण्यावर नाचत असताना आपण पुढचं गाणं हेडफोनवर ऐकायचं, कुठून उचलायचं ते ठरवायचं. हे जमत नसेल तर मोबाइलवर प्लेलिस्ट लावून जेवायला बसलेलं बरं. पायोनियरचा 2019 सालचा डीडीजे-200 दिसायला गोंडस, वजनाला हलका, खिशाला परवडणारा. पण त्याला आवाजाचं एकही भोक नाही. कानावर ऐकायचं तर फोनच्या किंवा लॅपटॉपच्या जॅकला दुभागणारी वायर लावायची. मग एक बाजू कानाला, एक मांडवाला, आणि दोन्हीकडचा स्टिरिओ गेला. घरी शिकायला ठीक.

"माझ्याकडं ब्लूटूथ हेडफोन आहे की!" असं कुणी म्हणालं तर त्याला एकदा करून बघू द्यावं. ब्लूटूथचा आवाज साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद मागून येतो. मिनिटाला 100 ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये 600 मिलिसेकंद असतात. म्हणजे कानात येणारा ठोका पाव ते तृतीयांश मागं. कशाला कशाशी जुळवणार?

आता त्या दिव्यांच्या बटणांकडे येऊ. सिंक नावाचं बटण हल्ली स्वस्तातल्या स्वस्त कंट्रोलरवरही असतं. सॉफ्टवेअर गाण्याचे ठोके मोजतं, त्यांवर रेघा आखतं आणि दोन गाण्यांच्या रेघा एकावर एक आणून ठेवतं. संगणकावर बांधलेल्या गाण्यांना हे झकास चालतं. पण आपल्याकडे नुसती तीच वाजत नाहीत. गणपतीत प्रल्हाद शिंदे लागतात, जयंतीला जुनी भीमगीतं, हळदीला कोळीगीतं. ही गाणी वाजवणारे एकमेकांकडे बघत वाजवायचे. अंतऱ्यात ढोलकी जरा पुढं सरकते, मुखड्यावर सावरते. ती गंमत सरळ रेघांत बसत नाही. रेघा हातानं हलवता येतात, काही सॉफ्टवेअर बदलती लयही ओळखतात, पण सिंकवर विसंबून दोन जुनी गाणी एकमेकांत घातलीत तर मिनिटाभरात त्यांचे पाय एकमेकांत अडकतात.

दादऱ्याचं तर विचारूच नका. सहा मात्रांचं गाणं, आपण त्यावर तीन-तीन मात्रांना पाय टाकतो. समजा मिनिटाला 100 पावलं पडतात. सॉफ्टवेअरला चार-चारची सवय. ते दोन-दोन मात्रांचा एक ठोका धरतं आणि ठामपणे सांगतं, 150. वेग निम्मा करायचं बटण दाबलं की 75. शंभरावर काही येत नाही, कारण दोननं कितीही भागलं तरी तीनचा हिशेब सुटत नाही. मग चार ठोक्यांची लूप, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा, लावली की ती आठ मात्रांवर तुटते आणि नाचणारी आत्याबाई मध्येच थबकते. अशा वेळी टॅपचं बटण बोटानं वाजवून लय आपणच सांगायची आणि लूप इन-आउटच्या बटणांनी हातानं बांधायची.

म्हणून मी पोरांना पॅड मोजू देत नाही. जॉग, म्हणजे हातानं फिरवायचं चाक, तळहाताएवढं तरी आहे का बघा. सरकणारं गाणं जागेवर आणायला तेच लागतं. आणि टेम्पोचा सरकता दांडा किती लांब आहे ते बघा. हा दांडा टेक्निक्सच्या एसएल-1200 एमके2 या टर्नटेबलवर 1979 साली आला, त्यावर वेग 8 टक्के वर-खाली होई. क्लबमधल्या सीडीजे प्लेअरवर तो 100 मिलिमीटरचा असतो. तेवढ्या लांबीत 8 टक्के वर-खाली बसवले तर एका मिलिमीटरला वेग 0.16 टक्के बदलतो. तेच 40 मिलिमीटरांत कोंबले तर 0.4. घामट बोटानं एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. खिशात मावणाऱ्या कंट्रोलरवर लय जुळत नाही ती पोरांच्या कानामुळे नाही, या दांड्यामुळे.

मॉडेलची नावं हवीतच, तर तीस हजारांच्या पुढं जायची तयारी असल्यास पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स4. आधी याच कंपनीत रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरसाठी डीडीजे-400 आणि सेराटोसाठी डीडीजे-एसबी3 अशी वाटणी होती, याच्यावर दोन्ही चालतात. त्याहून कमी पैशांत हर्क्युलिसचा इनपल्स 300. जॉग कुठं फिरवायचं, दांडा कुठं सरकवायचा हे त्यावरचे बाण दाखवतात. शिकणाऱ्याला याहून चांगला मास्तर या किमतीत नाही. न्यूमार्कच्या पार्टी मिक्सवर भिंतीवर पडणारे रंगीत दिवे आहेत. ते मंडळाकडे असतात.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवू नका. सेराटोचं लाइट फुकट मिळतं पण त्यात रेकॉर्डिंग नाही. मिक्स्ससारखं पूर्ण फुकट सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगही करतं. व्हर्च्युअल डीजे आपल्याकडे गावोगाव दिसतं, मात्र पैसे घेऊन वाजवणार असाल तर लायसन घ्यावं लागतं. आणि गाणी ऑनलाइन ठेवू नका. मांडवात रेंज नसते, असली तरी वरातीत दोनशे मोबाइल चालू असतात.

माइकचं भोक मात्र जरूर बघा. "वराकडील मंडळींनी भोजनाचा लाभ घ्यावा" ही घोषणा कुणीतरी करणारच, आणि ती करणारे काका माइक मागायला तुमच्याकडेच येणार. छोट्या कंट्रोलरवर माइकची सोय बहुधा नसते.

शेवटची भानगड आवाजाच्या तारांची. या किमतीतल्या कंट्रोलरला बहुतेक वेळा आरसीएच्या पिना असतात, साउंडवाल्याच्या मिक्सरला एक्सएलआर. लांबलचक आरसीए ओढली की ती वाटेतला सगळा गुंगुं गोळा करते. मिक्सर जवळ ठेवा, किंवा साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स मागा. तरी घुमत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. जनरेटरवर अर्थिंगचा पत्ता नसला की पुष्कळदा घुम तिथूनच येते. बॅटरीवर तासभर निघतो, तेवढ्यात वायरमन सापडतो.

भाच्यानं शेवटी जुना डीडीजे-400 बघायचं ठरवलंय. त्याला सांगितलंय, लॅपटॉप घेऊन जा आणि वाजवल्याशिवाय पैसे काढू नकोस. सगळे फेडर गाणं चालू ठेवून हळूहळू वर-खाली कर, खरखरतात का ऐक. यूएसबीची वायर भोकात हलवून बघ, कंट्रोलर बंद-चालू होत असेल तर तसाच उठ. जॉगच्या वर बोट नुसतं टेकव, गाणं थांबलं पाहिजे. बिल माग. बिल नसेल तर दोन हजार कमी सांग, तो एकावर येईल.