मोटर एक, बेस चार

हार्डवेअरच्या दुकानात ट्रिमर मशीन घेण्यासाठी आलेला ग्राहक बहुधा दोनच प्रश्न विचारतो : कोणत्या कंपनीचे आणि केवढ्याला? काम कोणते करावयाचे आहे, हा तिसरा प्रश्न दुकानदाराने विचारावयाचा असतो. या छोट्या राउटरची मोटर एकच असली, तरी तिच्याकडून कोणते काम नीट होईल, हे तिच्याखालचा बेस ठरवितो.

मशीनसोबत बहुधा मिळतो तो स्थिर बेस. प्लायवर चिकटविलेल्या सनमायकाची बाहेर आलेली कड बेअरिंगच्या बिटने कापणे, हे त्याचे मुख्य काम. सनमायका जेमतेम ०.८ ते १ मिलिमीटर जाड असतो. बेस किंचित कलला तरी कडेला खाच पडते आणि तयार दरवाजा वाया जातो. कड कापताना अर्ध्याहून अधिक बेस अधांतरी असतो. त्यामुळे एका बाजूस रुंद असलेली तळपट्टी जोडल्यास मशीन अधिक स्थिर राहते.

फळीच्या मध्यभागी खोबण पाडावयाची असल्यास प्लंज बेस हवा. दोन दांड्यांवरील स्प्रिंगमुळे मोटर सरळ खाली उतरते आणि ठरविलेल्या खोलीवर थांबते. स्थिर बेसने हेच काम करताना फिरते बिट तिरपे लाकडात घालावे लागते व मशीन उसळण्याचा धोका असतो. मात्र प्लंज बेसची उंची अधिक असल्याने अरुंद कडेवर तो डोलतो. म्हणून तो स्थिर बेसची जागा घेऊ शकत नाही.

टिल्ट बेसमध्ये तळ सपाट राहून मोटर कलते. तिरक्या कडांना तो उपयोगी. ऑफसेट बेसमध्ये बिट पट्ट्यावर फिरते व बेसच्या कडेशी असते. भिंतीलगतच्या ज्या जागी मोटरचे अंग आडवे येते, तेथे तो पोहोचतो.

माकिटाच्या ७१० वॅटच्या आरटी०७००सी या मशीनसाठी हे चारही बेस मिळतात. तथापि मोटरचा व्यास कंपनीनुसार बदलतो. म्हणून सुटा बेस विकण्यापूर्वी तो ग्राहकाच्या मशीनवर बसवून पाहावा.

कपाटे करणाऱ्या नवख्या सुतारास आरंभी स्थिर बेस पुरतो. बिजागऱ्यांची व खोबणीची कामे वाढली की प्लंज बेस घ्यावा. उरलेले दोन प्रत्यक्ष काम हाती आल्यावर. पूर्ण संच विकल्याने त्या दिवसाचा गल्ला वाढतो खरा. परंतु न वापरलेल्या बेसमध्ये कारागिराची मजुरी अडकते. घरमालकाने प्लाय व सनमायका कोठून घ्यावा, हे पुष्कळदा तोच कारागीर सुचवितो. त्याच्या विश्वासाचे मोल एका संचाच्या नफ्याहून अधिक आहे.

मशीन हाती देताना एक सूचना अवश्य द्यावी : बेस किंवा बिट बदलण्यापूर्वी केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लगही काढावा.