शिवणाच्या पेटीची विटंबना

जुनी वस्तू जपणे म्हणजे ती घासूनपुसून दिवाणखान्यात मांडणे, हा समज आमच्या सुशिक्षित घरांत फार बोकाळला आहे. आमच्या आजीची शिवणाची पेटी नुकतीच माळ्यावर सापडली. आम्ही पोचेपर्यंत एका उत्साही आप्ताने चांदीचे अंगुस्तान लखलखीत केले होते (घासण्यात काळिम्याबरोबर थोडी चांदीही जाते, हे त्यांच्या गावीही नव्हते!) आणि तळातल्या चिंध्या केरात टाकल्या होत्या. त्यांतून आम्ही एक तुकडा परत मिळवला. परकराचा तुकडा, त्यावर ठिगळ, ठिगळावर पुन्हा ठिगळ, आणि टाचणीने लावलेल्या चिठ्ठीवर आजीच्या हातचा '१९४४' हा आकडा. १९४३ साली सरकारने सुती कापडावर नियंत्रण आणले; त्या टंचाईचा आमच्या घरातला पुरावा एवढाच. अंगुस्तान सराफाकडे आजही मिळेल. हे ठिगळ कोठे मिळणार?

सर्व जसेच्या तसे ठेवा, असेही आम्ही म्हणत नाही. सेल्युलॉइडची जुनी बटणे आम्लयुक्त वायू सोडून शेजारच्या सुया गंजवतात. ती वेगळी काढावीत. कापड आम्लरहित कागदात ठेवावे. परंतु हात लावण्यापूर्वी कोणती वस्तू कोठे होती, याचे टिपण करावे. यास खर्च तो किती?

चिंध्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे आम्हांस विचारण्यात आले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे आणि अडकित्ते पाहून धन्य होणारी हीच मंडळी! ते दिवे तरी घरोघरचेच ना?

पेटीची किल्ली तूर्त आम्ही आमच्याजवळ ठेवली आहे. आप्त रागावले आहेत.